एका शब्दात उत्तर द्या

सुटीत गावी गेलेल्या आपल्या विद्यार्थ्यांना एसटीत, लग्नमंडपात हमखास विचारले जाते, "तुम्ही बौद्ध ना? मग देव मानता की नाही? एका शब्दात सांगा." मूल 'नाही' म्हणताच पुढचे वाक्य तयार असते : "म्हणजे नास्तिक!" देवदेवतांविषयीचे आपले 'नाही' 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात प्रतिज्ञापूर्वक उच्चारले गेले आहे, त्यात संकोचण्यासारखे काही नाही. हरकत आहे ती त्या 'म्हणजे'ला.

मनुस्मृतीच्या लेखी वेदांची निंदा करणारा तो नास्तिक. या मापाने बुद्ध, महावीर आणि चार्वाक एकाच रांगेत बसतात. पाली साहित्यात मात्र बऱ्यावाईट कर्माला फळच नाही, असे म्हणणाऱ्या अजित केसकंबलीचे मत नास्तिवादाचे. आणि ते बुद्धांनी ठामपणे नाकारले. विचारणाऱ्याला यांपैकी कोणता नास्तिक अभिप्रेत आहे, हे त्यालाच ठाऊक नसते.

वच्छगोत्त परिव्राजकाने बुद्धांना विचारले, आत्मा आहे काय? बुद्ध मौन राहिले. मग नाही काय? तरीही मौन. तो निघून गेल्यावर आनंदाला त्यांनी कारण सांगितले : 'आहे' म्हणावे तर शाश्वतवाद्यांची बाजू घेतल्यासारखे होते, 'नाही' म्हणावे तर उच्छेदवाद्यांची, आणि आधीच गोंधळलेला वच्छगोत्त अधिकच गोंधळला असता. याला पळवाट म्हणणाऱ्यांनी बाबासाहेबांचा 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' उघडावा. बुद्ध पुनर्जन्म मानीत काय, या प्रश्नाचे बाबासाहेब तेथे दोन भाग करतात : पुनर्जन्म कशाचा, आणि पुनर्जन्म कोणाचा? प्रश्न फोडताच भौतिक घटक एकीकडे राहतात, आत्मा दुसरीकडे, आणि निम्मा वाद तिथेच मिटतो.

अर्थात प्रत्येक प्रश्नाला फाटे फोडावेत असे नव्हे. अंगुत्तर निकायात प्रश्नांचे चार प्रकार सांगितले आहेत; त्यांतला एक सरळ उत्तर देण्याचाच आहे. अस्पृश्यता अन्याय होता काय? होय. तेथे 'दोन्ही बाजू पाहाव्या लागतील' म्हणणारे पंडित आपण पुष्कळ पाहिले.

आपल्याच वादविवाद स्पर्धांत 'ईश्वर आहे की नाही' असा विषय देऊन आपण मुलांच्या अनुकूल-प्रतिकूल अशा दोन फळ्या पाडतो. टाळ्या भरपूर मिळतात, विचार बेताचाच होतो. यापुढे प्रत्येक स्पर्धकाने आधी 'ईश्वर' म्हणजे कोण आणि 'आहे' म्हणजे कसा, हे सांगावे, आणि त्याला निम्मे गुण असावेत. परीक्षकांचे काम वाढेल, वाढू द्यावे.