लंडनहून उशीर झाला तर 520 पौंड, मुंबईहून झाला तर फक्त जेवण!

समजा, उमरखेडचा एक विद्यार्थी लंडनला निघालाय. आधी नांदेड गाठायचं, तिथून रात्रभर रेल्वेनं मुंबई. विमानतळावर कळतं, तांत्रिक बिघाडामुळे विमान पाच तास उशिरा सुटणार. त्याच्या हाती काय पडणार?

भारतातला नियम

नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, म्हणजे डीजीसीएच्या नियमानुसार लांब पल्ल्याचं विमान चार तास किंवा जास्त लांबलं तर खाणं-पिणं मिळतं. देशांतर्गत विमानाला सहा तासांहून जास्त उशीर होणार असेल तर दुसरं विमान किंवा पूर्ण परतावा. रात्री 8 ते पहाटे 3 दरम्यानचं विमान सहा तासांहून जास्त लांबलं तर हॉटेल. पण उशिरासाठी रोख भरपाई नाही. कारण 'असाधारण परिस्थिती'चं असेल तर या सोयीही बंधनकारक राहत नाहीत.

एकच मार्ग, दोन न्याय

हाच विद्यार्थी सुट्टीत लंडनहून मुंबईला निघाला आणि कंपनीच्या चुकीनं चार तास उशिरा पोहोचला, तर ब्रिटिश कायद्यानुसार त्याला 520 पौंड, म्हणजे सुमारे 60 हजार रुपये मिळू शकतात. विमान भारतीय कंपनीचं असलं तरीही! मुंबईहून जाताना मात्र ही भरपाई ब्रिटिश किंवा युरोपीय कंपनीच्या विमानालाच लागू होते.

भरपाईमुळे तिकिटं महागतील, असा युक्तिवाद होतो. पण हवामान किंवा हवाई हद्द बंद होणं यासाठी ब्रिटिश कायदाही भरपाई मागत नाही. 23 जून 2025 रोजी कतारनं हवाई हद्द बंद केली, तो दोष कंपन्यांचा नव्हताच. विमानाची देखभाल मात्र कंपनीचीच जबाबदारी आहे.

शिवाय वेळेत न कळवता विमान रद्द केल्यास आपल्याकडेही 10 हजार रुपयांपर्यंत भरपाईची तरतूद आहे. मग दहा तास लांबलेल्या विमानाला शून्य का? अशानं विमान रद्द करण्यापेक्षा लांबवत नेणंच कंपनीला परवडतं.

तोवर काय कराल?

- जोडविमान असेल तर दोन्ही प्रवास एकाच पीएनआरवर घ्या. वेगळी तिकिटं काढलीत आणि पुढचं विमान चुकलं, तर पहिली कंपनी सहसा हात वर करते.
- उशिराचं कारण लेखी मागा. बोर्डिंग पास, मेसेज, जेवण-टॅक्सीच्या पावत्या जपून ठेवा.
- भारत 2009 पासून माँट्रियल करारात आहे. आंतरराष्ट्रीय प्रवासात उशिरामुळे झालेलं, पुराव्यानिशी दाखवता येणारं नुकसान त्याखाली मागता येतं. सर्व वाजवी उपाय केले होते, हे सिद्ध करण्याची जबाबदारी कंपनीवर असते. दाव्याची मुदत दोन वर्षं.
- आधी कंपनीकडे, मग 'एअरसेवा'वर तक्रार करा. दाद मिळाली नाही तर ग्राहक आयोग. 2019 च्या कायद्यानुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. म्हणजे उमरखेडच्या प्रवाशाला यवतमाळ पुरे, मुंबईच्या खेपा नकोत. ऑनलाइन सोयही आहे.

पण प्रत्येक विद्यार्थ्यानं आयोगाची पायरी चढावी, हा उपाय नव्हे. लंडनहून निघताना जो हक्क मिळतो, तो मुंबईहून निघतानाही मिळायला हवा. त्यासाठी कंपनीच्या चुकीनं झालेल्या उशिराला ठरावीक रोख भरपाई देणारा नियम डीजीसीएनं आणावा.