शाकारणीचे शहाणपण

युनेस्कोने ११ जुलै २०२५ रोजी मराठ्यांच्या बारा किल्ल्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. त्या बारांत वसई नाही. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेने सुरुंग लावून ज्याचा तट फोडला आणि ज्याच्या पाडावाने पोर्तुगिजांच्या हातून अख्खा वसई प्रांत गेला, तो हा किल्ला. यादीत नाव नसल्याची हळहळ वसईकरांना वाटणे स्वाभाविक आहे. परंतु मानाच्या शिक्क्याने भिंत तगत नाही. ती दर उन्हाळ्यात होणाऱ्या साध्या, वेळेवरच्या डागडुजीने तगते. ती डागडुजी करण्याची सवय आणि सोय या दोन्ही गोष्टी आपण गमावत चाललो आहोत. खरी चिंता त्याची हवी.

वसईत जुनी वास्तू जाते ती पाण्यामुळे. भिंतीच्या माथ्यावरचा चुना झिजतो, फटीत पाणी शिरते, पाठोपाठ पिंपळाचे बी रुजते. मुळी बोटाएवढी असते तेव्हा ती उपटायला एक माणूस पुरतो. तीच मनगटाएवढी झाली की दगड बाजूला सारते. मग फांद्या छाटून भागत नाही, कारण खालचे खोड पुन्हा फुटते. किल्ल्यातील फ्रान्सिस्कन, डॉमिनिकन आणि जेझुइट चर्चच्या भिंती आणि कमानी यांना दरवर्षीचा पाऊस आणि खारा वारा असाच पोखरतो. स्मारक केंद्राच्या संरक्षणाखाली असल्याने ही जबाबदारी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाची आहे. मोठा निधी कधीतरी येण्यापेक्षा माथे साफ करून दरजा भरणारी गवंड्यांची लहान तुकडी दरवर्षी मेअखेर तटावर दिसणे अधिक मोलाचे.

या तुकडीच्या हातात काय असावे, हेही महत्त्वाचे. कोकणकिनारी शिंपले भाजून चुना होई. तो भिजवून घाण्यात मळला जाई, त्यात गूळ, हिरडा घातला जाई. असा चुना दगडापेक्षा मऊ असतो. तो ओल शोषतो, उन्हात सोडतो आणि झिजायचेच झाले तर दगडाआधी स्वतः झिजतो. जुन्या भिंतीला सिमेंटचा गिलावा केला की ओल आत कोंडते, मिठाचे स्फटिक वाढतात आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. वरून भिंत नवी दिसते, आतून ती मरत असते. म्हणून सुशोभीकरणाच्या नावाखाली येणाऱ्या सिमेंटला ठाम नकार हवा. गोव्यातला रेईश मागुश किल्ला इंटॅक या वारसा-संवर्धन संस्थेच्या सहभागाने दुरुस्त होऊन २०१२ मध्ये लोकांसाठी खुला झाला. पडझड झालेली पोर्तुगीजकालीन वास्तूही जाणत्या हातांनी सावरता येते, याचे उदाहरण आपल्या शेजारीच आहे.

वसईचा वारसा मात्र तटाच्या आत संपत नाही. वाडवळ, सामवेदी आणि ख्रिस्ती कुटुंबांची लाकडी खांबांची, कौलारू छपरांची, ओटीची घरे हाही वारसाच आहे. पावसाळ्याआधी घर शाकारणे, फुटकी कौले बदलणे, वासे-रिपा तपासणे हे इथल्या संसाराचे वार्षिक काम होते. आज सुतार मिळत नाही, सागवान परवडत नाही आणि पुनर्विकासात वाढीव चटईक्षेत्र मिळते. घर पाडणाऱ्याला लाभ आणि सांभाळणाऱ्याला भुर्दंड, असे हे गणित आहे. त्या कुटुंबांना दोष देण्याआधी ते बदलायला हवे.

किल्ल्यालगतच्या किल्लाबंदर-पाचूबंदर वस्तीची अडचण आणखी वेगळी आहे. प्राचीन स्मारक कायद्यातल्या २०१० च्या दुरुस्तीनंतर स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामाला मनाई आहे आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये नियंत्रण. १६ जून १९९२ पूर्वीच्या घराच्या दुरुस्तीसाठी अर्ज करण्याची तरतूद मात्र त्याच कायद्यात आहे. गळके छप्पर घेऊन जूनची वाट पाहणाऱ्या मच्छीमाराला ही तरतूद समजावून सांगणारे आणि अर्ज भरून देणारे कोणीतरी जवळ हवे. नाहीतर कायदा स्मारक वाचवतो आणि स्मारकाभोवतीची माणसे त्याच्यावर रुसतात. शेजारी नाराज असलेली वास्तू टिकत नाही.

वसई-विरार महानगरपालिकेने आता पुढाकार घ्यावा. गावनिहाय जुन्या घरांची, विहिरींची, देवळांची आणि चर्चची यादी करून ती लोकांसमोर ठेवावी. दुरुस्ती करणाऱ्या मालकाला मालमत्ता करात सवलत द्यावी. मुंबईच्या १९९५ च्या वारसा नियमावलीत विकास हक्क हस्तांतरणाची वाट होती, तसा मोबदला इथेही मिळावा. पुरातत्त्व विभाग आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्थांनी मिळून चुन्याचे गवंडीकाम आणि जुने सुतारकाम शिकवावे. तालुक्यातल्या तरुणांना त्यातून रोजगार मिळेल आणि किल्ल्याला घरचे कारागीर.

१९८९-९० च्या सुमारास हरित वसईच्या चळवळीत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्यासोबत हजारो लोक जमीन, पाणी आणि झाडे यांसाठी उभे राहिले. तीच एकजूट आता ओटी, कौल आणि तट यांसाठी हवी. महापालिकेच्या येत्या अंदाजपत्रकात पावसाळ्यापूर्वीच्या नालेसफाईबरोबर वारसा-दुरुस्तीचाही स्वतंत्र विभाग असावा आणि वसईकरांनी तो प्रत्येक नगरसेवकाकडे मागावा.