गोळी सुटण्याआधीचा इतिहास : आमचा जाहीरनामा

आम्ही इतिहासाचे शिक्षक, वाचक आणि ग्रंथालयांत काम करणारी माणसे आजपासून ही चळवळ सुरू करत आहोत. ‘कारणे द्या’ या प्रश्नाखाली आम्ही वर्षानुवर्षे मुलांकडून पाठ केलेली ओळ लिहून घेतली. अमेरिकेत स्वातंत्र्ययुद्ध का पेटले? चहावर कर बसला म्हणून. दोन गुण. ही चूक आमची आहे आणि ती आम्हीच सुधारणार.

1773 च्या कायद्याने तिथला चहा उलट स्वस्त होणार होता. कर्जात बुडालेल्या ईस्ट इंडिया कंपनीला तगवायला तो केला; जुना कर तेवढा कायम ठेवला. ‘आम्हाला न विचारता कर का?’ हे वसाहतींचे भांडण होते. त्यातूनच बोस्टनच्या बंदरात चहाच्या 342 पेट्या बुडवल्या गेल्या. लंडनने बंदर बंद केले आणि मॅसॅच्युसेट्सची सनदच मोडली. लोकप्रतिनिधींनी निवडलेले सल्लागार मंडळ गेले, वार्षिक सभेखेरीज गावसभा घ्यायची तर गव्हर्नरची परवानगी आली. आपल्या ग्रामसभेला कुणी असे कुलूप घातले तर काय होईल, एवढेच मुलांना विचारा.

6 सप्टेंबर 1774, मॅसॅच्युसेट्समधले वूस्टर. 37 गावांतून साडेचार हजारांवर माणसे आली आहेत, बहुतेक शेतकरी. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ती रांगा धरून उभी आहेत. मधून राजाचे न्यायाधीश आणि अधिकारी चालले आहेत, टोप्या हातात. काही पावले गेले की थांबायचे आणि नव्या कायद्याखाली कोर्ट चालवणार नाही, असे पुन्हा वाचून दाखवायचे, पुढच्या रांगेलाही ऐकू जावे म्हणून. एकही गोळी सुटली नाही. राजाचा अंमल गावांतून उठला तो तेव्हा, असे आम्ही मानतो. 18 एप्रिल 1775 च्या रात्री राजाचे सुमारे 700 शिपाई काँकर्डचा दारूगोळा जप्त करायला निघाले, ते हा गेलेला अंमल परत बसवायला. वाटेत 19 एप्रिलच्या पहाटे लेक्सिंग्टनला आठ वसाहतवासी पडले. पहिला बार कुणी काढला, हे अजून ठरलेले नाही.

चहावाल्या त्याच ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबईकरांनी त्याच वर्षीच्या मार्चमध्ये सुरतेला, पेशवेपदावर हक्क सांगणाऱ्या राघोबादादांशी तह केला होता. 18 मेला गुजरातेत अडासला त्यांची लढाई पुणे दरबाराचे सेनापती हरिपंत फडके यांच्याशी झाली. हे दोन धडे आम्ही कधी शेजारी ठेवून वाचले नाहीत. आता वाचू.

गावोगावच्या वाचनालयांत दर महिन्याला एका लढाईआधीचे वर्ष वाचले जाईल: कायदे, सभांचे ठराव, बाजारभाव. कुणाची बाजू गाळली जाणार नाही, राजाच्या शिपायाचीही. लेक्सिंग्टनच्या जखमींत प्रिन्स एस्टाब्रुक होता. तो कृष्णवर्णीय होता, दुसऱ्याच्या मालकीचा गुलाम होता, तरी शेजाऱ्यांच्या रांगेत उभा राहिला. पहिल्या बैठकीत सुरुवात त्याच्यापासून होईल.