उदार कोण, आणि कोणासाठी?

१९९१ च्या जुलैपासून 'उदारीकरण' हा शब्द आपण ऐकत आलो आहोत. कर्णाला उदार म्हणणाऱ्या आपल्या माणसाला वाटले, सरकार काहीतरी द्यायला निघाले. मोकळीक मिळाली ती परवान्यातून कारखानदाराला. फलाटावरच्या हमालाला आणि टपाल वाटणाऱ्याला त्यातले काय आले, हे ज्याचे त्याला ठाऊक!

आमचे काही साथी 'उदारमतवादी' ही शिवीच समजतात. हे आम्हाला मान्य नाही. नामदार गोखल्यांच्या भारत सेवक समाजातले ना. म. जोशी उदारमतवादीच होते. १९२० साली मुंबईत आयटक उभी करणाऱ्यांत ते होते. १९२१ साली केंद्रीय विधिमंडळात त्यांनी युनियनला कायद्याचे संरक्षण मागणारा ठराव मांडला आणि पुढे १९२६ चा ट्रेड युनियन कायदा झाला. आपल्या युनियनची नोंदणी त्याच कायद्याने झाली. विलायतेत टॅफ व्हेल रेल्वेच्या संपाबद्दल न्यायालयाच्या १९०१ च्या निकालामुळे रेल्वे कामगारांच्या युनियनला सुमारे २३ हजार पौंड भरपाई मोजावी लागली. तो फास १९०६ साली कायदा करून सोडवला लिबरल पक्षाच्या सरकारने. उलट ऑस्ट्रेलियात युनियनच्या नाड्या आवळणारा २००५ चा कायदा आणणाऱ्या पक्षाचे नावही लिबरलच.

आता आपल्या पोटाचा प्रश्न. १९७९ साली केंद्राने पेन्शनचे सूत्र सुधारले, त्याला कागदोपत्री 'लिबरलाइज्ड पेन्शन' म्हटले. लाभ मात्र ३१ मार्च १९७९ रोजी किंवा नंतर निवृत्त होणाऱ्यांनाच. आदल्या दिवशी निवृत्त झालेला कोरडाच! १७ डिसेंबर १९८२ रोजी नकारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ही तारखेची भिंत पाडली. पेन्शन ही मालकाची मेहेरबानी नव्हे, केलेल्या सेवेचा हक्क आहे, असे बजावले. म्हणजे सरकार ज्याला औदार्य म्हणत होते, ते मुळात आपले देणे होते.

आणि तरीही १ जानेवारी २००४ ला नवी भिंत उभी राहिली. त्या दिवसापासून भरती झालेल्याला जुनी पेन्शन नाही. एकाच डब्याखाली काम करणाऱ्या दोघांची म्हातारपणे वेगळी. एप्रिल २०२५ पासून आलेल्या युनिफाइड योजनेत किमान हमी आहे, हे आम्ही नाकारत नाही. पण मूळ पगार आणि महागाई भत्त्याचे १० टक्के तिथेही कापले जातात. जुन्या पेन्शनला अशी कपात नव्हती. २००४ नंतरच्या मुलांनी हे आपल्या पगारपत्रकावर पाहावे आणि शाखेच्या सभेत बोलावे.