बेटावरचा कांदा

महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी आमच्या बचत गटाची बैठक असते. हप्ते गोळा झाले, वही लिहून झाली की चहा, आणि चहाबरोबर गप्पा. हल्ली या गप्पांना विषय शोधावा लागत नाही. गेल्या वेळी एकीने पिशवीतून बिस्किटांचे दोन पुडे काढून सतरंजीवर ठेवले. एक रिकामा, चार-पाच वर्षांपूर्वीचा, नातवाने खेळण्यांत जपून ठेवलेला. दुसरा कालच वाण्याकडून आणलेला. किंमत दोन्हींवर पाच रुपयेच. वजनाचे आकडे इतके बारीक की चष्मा लावून वाचावे लागले, आणि वाचल्यावर सगळ्याजणी हसल्या. हसण्यासारखं काही नव्हतं, पण दुसरं करणार काय? कंपनीला पक्कं ठाऊक आहे, बाई किंमत बघते, वजन बघत नाही. बरं, वजन छापलेलं असतं, म्हणजे फसवलं असंही म्हणता येत नाही!

मग साबणाच्या वड्या झाल्या, तेलाच्या पिशव्या झाल्या. शेवटी एकजण म्हणाली, "ताई, तुम्ही बऱ्या त्या मॉरिशसला जाऊन आलात. बेटावर ना घाई, ना महागाई. तिकडेच राहायचं होतं!"

तेव्हा मी नुसती हसले. पण घरी येताना ते डोक्यात राहिलं. कारण जाण्याआधी माझीही अगदी हीच समजूत होती.

लग्नाला वीस वर्षं झाली म्हणून २०२४च्या डिसेंबरात आम्ही दोघं यात्रा कंपनीबरोबर मॉरिशसला गेलो. आपल्याकडे थंडी, आणि तिथे ऐन उन्हाळा. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गुलमोहर फुललेला. हॉटेल समुद्राला लागून. सकाळी सात ते रात्री दहा खाणंपिणं चालूच, आणि पांढऱ्या वाळूत खुर्च्या मांडलेल्या. बसमधला गाईड दर अर्ध्या तासाने सांगायचा, "इकडे टेन्शन नाही." गावातली दुकानं संध्याकाळी पाच-साडेपाचला बंद होताना पाहून मला तर हेवाच वाटला. आमच्या नाशिकला रात्री दहाला वाणी शटर अर्ध्यावर ओढून, "वहिनी, लवकर सांगा" म्हणतो!

पण माझी तिथे एक ओळख होती. काही वर्षांपूर्वी मॉरिशसच्या मराठी मंडळींचा एक गट त्र्यंबकेश्वरला आला होता. त्यांच्या दोन वेळच्या जेवणाचं काम आमच्या गटाकडे होतं. त्यातल्या एका मावशींशी माझं जमलं, आणि तेव्हापासून दिवाळीला फोन ठरलेला. त्यांचे खापरपणजोबा रत्नागिरी जिल्ह्यातून गेलेले. १८३४ पासून पुढची ऐंशी-नव्वद वर्षं हिंदुस्थानातून साडेचार लाखांच्या आसपास माणसं उसाच्या मळ्यांसाठी त्या बेटावर उतरली. बहुतेक बिहारकडची, काही तमिळ-तेलुगू, आणि थोडी आपल्या कोकणातली. घरात आता क्रिओल बोलतात, पण गणेश चतुर्थीला तिथे सरकारी सुट्टी असते आणि आपली जाखडी तिथे 'झाकरी' म्हणून अजून नाचली जाते. मावशींचं मराठी थोडं हिंदीच्या वळणाचं, पण कानाला गोड.

एक दिवस सहल चुकवून आम्ही त्यांच्याकडे गेलो. पश्चिम किनाऱ्याजवळचं गाव, पत्र्याची पडवी, दारात लिचीचं झाड. मावशी धोलपुरी लाटत होत्या. हरभऱ्याची डाळ शिजवून, वाटून, पोळीत भरायची. म्हणजे आपली पुरणपोळीच, फक्त गूळ नाही. वर टोमॅटोचा रस्सा आणि वालासारख्या मोठ्या दाण्यांची भाजी. मी म्हटलं, "मावशी, तुम्ही लोक किती निवांत!"

"निवांत?" त्या हसल्या. "थांब गं बाय, आधी खा. मग सांगते."

आणि मग त्यांनी ताटातली एकेक वस्तू दाखवून कुठून आली ते सांगितलं. डाळ बाहेरची. पीठ बाहेरच्या गव्हाचं. तांदूळ बाहेरचा. तेल, दूध पावडर, कांदा सगळं जहाजातून. टोमॅटो तेवढा गावातला! त्या देशाचं पाऊण अन्न परदेशातून येतं. जमीन नाही असं नाही, पण लागवडीखालच्या बहुतेक जमिनीत दोनशे वर्षं ऊसच लावला गेला. उसाचं मोळकं विकायचं आणि पोटाचं विकत आणायचं, हा हिशोब गोऱ्या मळेवाल्यांनी घालून दिला, आणि तो अजून पुरता सुटलेला नाही.

असा देश म्हटल्यावर जहाजाचं भाडं वाढलं की ताटात कळतं. करोनाच्या काळात पर्यटक थांबले आणि डॉलर यायचे बंद झाले. २०१९ मध्ये एका डॉलरला तिथले साधारण ३६ रुपये पडत, ते २०२३ मध्ये ४५च्या आसपास गेले. (तिथलाही रुपयाच. आपल्या पावणेदोन-दोन रुपयांएवढा.) २०२२ साली महागाई १०.८ टक्क्यांनी वाढली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये घरगुती गॅसचा १२ किलोचा सिलिंडर १८० वरून २४० रुपये झाला, आणि या 'टेन्शन नाही'वाल्या बेटावर लोक रस्त्यावर उतरले. क्रिओलमध्ये महागाईला 'लावी सेर' म्हणतात. जगणं महाग! आपण वस्तू महाग झाल्या म्हणतो, ते थेट जगण्यालाच म्हणतात.

सरकारने काहीच केलं नाही असं नाही हं. पावाची किंमत सरकार बांधून देतं, रेशनचा तांदूळ-पीठ स्वस्तात देतं. किमान वेतन २०१८ मध्ये पहिल्यांदा ठरलं तेव्हा ८,१४० रुपये होतं, ते २०२४ मध्ये १६,५०० झालं. डिसेंबरात तेरावा पगार मिळतो, कायद्यानेच. मावशींचं म्हणणं, "पगार दुप्पट झाला, पण पिशवी तेवढीच भरते." आम्ही गेलो त्याच्या महिनाभर आधी, १० नोव्हेंबर २०२४ ला निवडणूक झाली होती, आणि मुख्य बेटावरच्या साठच्या साठ जागा विरोधकांनी जिंकल्या होत्या. फोन चोरून ऐकल्याचं प्रकरण गाजत होतंच, पण मावशींच्या गल्लीत चर्चा दूध पावडरीचीच होती.

आता कांद्याचं ऐका. इथे माझाच घास अडकला.

डिसेंबर २०२३ मध्ये आपल्या सरकारने कांद्याची निर्यात बंद केली. शहरात भाव चढू नयेत म्हणून. आम्ही नाशिक जिल्ह्यातल्या बायका, आम्हाला तो काळ पाठ आहे. बाजार समित्यांचे लिलाव बंद पडले, भाव कोसळले, आणि खळ्यांवर कांदा निवडायला जाणाऱ्या बायकांची रोजंदारी बुडाली. आमच्या गटातल्या चौघींचे हप्ते तीन महिने थकले होते. बंदी उठली ४ मे २०२४ ला, तीही ४० टक्के निर्यात शुल्क लावून. त्या काळात तिकडे मावशी बाजारात जाऊन कांद्याला हात लावून परत येत होत्या! आपल्या सरकारने मित्रदेश म्हणून मॉरिशसला १,२०० टन कांदा खास परवानगीने दिला. त्याआधी जुलै २०२३ मध्ये साध्या पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद झाली, तेव्हाही १४,००० टन तांदूळ असाच दिला होता. म्हणजे पिकवणारी इथे रडत होती आणि शिजवणारी तिथे. मग या बंदीने नेमकं कोणाचं भलं झालं? शहरातल्या गृहिणीला काही दिवस कांदा स्वस्त मिळाला, हे खरं. मीही तो घेतला, खोटं कशाला बोलू!

जेवणानंतर मावशींनी त्यांचं शिलाई मशीन दाखवलं. अठराव्या वर्षापासून त्या कपड्यांच्या कारखान्यात होत्या. १९७० मध्ये त्या देशाने निर्यातीच्या कारखान्यांसाठी कायदा केला, सवलती दिल्या, हाँगकाँगहून कंपन्या आल्या. मशीनवर बहुतांश बायकाच. घरातून पहिल्यांदा बाहेर पडलेल्या, हातात स्वतःचा पगार असलेल्या. मावशी सांगतात, पहिल्या पगारातून त्यांनी आईला प्रेशर कुकर घेतला. जगातल्या कापड व्यापाराची जुनी कोटा पद्धत १ जानेवारी २००५ ला संपली. कोटा होता म्हणून ज्या कंपन्या या बेटावर आल्या होत्या, त्यांना आता जास्त स्वस्त हात दुसरीकडे मिळाले. कारखाने एकामागून एक बंद झाले. मावशींच्या कारखान्यात एका शुक्रवारी पगाराबरोबर चिठ्ठी मिळाली. त्या चिठ्ठीवर आभार मानले होते म्हणे.

साखरेचंही तेच. युरोप ठरलेल्या चढ्या भावाने त्यांची साखर घेत असे. २००६ पासून चार वर्षांत तो भाव ३६ टक्क्यांनी उतरवला. मळेवाल्या कंपन्यांनी हात टेकले का? मुळीच नाही. त्यांच्याकडे जमीन होती. सरकारने २००२ मध्ये परदेशी लोकांना बंगले विकायची योजना आणली होती, कमीत कमी पाच लाख डॉलरचा बंगला. उसाच्या जागी गोल्फची हिरवळ आली. मावशींच्या मुलाने गावाजवळ तीन खोल्यांपुरती जागा शोधायला सुरुवात केली, तर त्या बंगल्यांच्या शेजारामुळे भाव असे चढले की त्याने शोधणंच सोडलं. तो राहतो आईच्याच घरावर, वरच्या मजल्यावर, अर्ध्या बांधलेल्या. आणि नोकरी करतो कुठे? हॉटेलात! त्यामुळे हॉटेलांना नुसत्या शिव्या घालणं मला जमत नाही. २०२४ मध्ये तेरा लाखांहून जास्त पर्यटक आले, देशाची लोकसंख्या साडेबारा लाखांच्या घरात. ते आले नाहीत तर काय होतं, हे करोनात सगळ्यांनी पाहिलं. पण आम्ही ज्या निवांतपणाचे पैसे भरून गेलो होतो, तो तयार करायला हा मुलगा पहाटे साडेचारला घर सोडतो, हेही मला त्याच्या घरी जाईपर्यंत माहीत नव्हतं.

मावशींची जाऊ बेटाच्या दुसऱ्या टोकाला, माएबूरला राहते. २५ जुलै २०२० ला तिथल्या प्रवाळावर 'वाकाशिओ' नावाचं मोठं मालवाहू जहाज चढलं. मालक एक जपानी कंपनी, भाड्याने चालवणारी दुसरी जपानी कंपनी, झेंडा पनामाचा आणि कप्तान भारतीय. पुढे चौकशीत निघालं की मोबाइलची रेंज मिळावी म्हणून जहाज किनाऱ्याजवळ आणलं होतं! बारा दिवस ते तसंच अडकून होतं. सहा ऑगस्टला तेल गळायला लागलं, सुमारे हजार टन. सरकार म्हणत होतं, लांब राहा, तज्ज्ञ येत आहेत. लोकांनी ऐकलं नाही. उसाचं वाळलेलं पाचट कापडात भरून लांबच लांब गाद्या शिवल्या आणि त्या पाण्यावर सोडून तेल अडवलं. जाऊबाई रात्रंदिवस शिवत होत्या. बायकांनी, मुलींनी केस कापून दिले, कारण केस तेल शोषतात. महिनाअखेरीला पोर्ट लुईच्या रस्त्यांवर हजारोंचा मोर्चा निघाला. कंपनीने जाहीर माफी मागितली, पैसे देऊ म्हटलं. पण जहाज एकाचं, चालवणारा दुसरा, झेंडा तिसऱ्याचा असला की भांडायचं कोणाशी, हे कोळ्याच्या बायकोला कोण सांगणार? निवांत लोक आळशी असतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी त्या पाचटाच्या गाद्यांचे फोटो जरूर पाहावेत.

निघायच्या आदल्या दिवशी रविवार होता. मावशींनी आम्हाला समुद्रावर बोलावलं. तिथे रविवारी अख्खं गाव किनाऱ्यावर येतं. बिर्याणीचं पातेलं, चटया, पत्त्यांचे जोड, नातवंडं, आणि कोणीतरी रावान नावाचं डफासारखं वाद्य घेऊन बसलेलं. किनाऱ्याचा पट्टा कायद्याने सरकारचा. हॉटेलांना तो भाड्याने दिला जातो, आणि मग हळूहळू दोऱ्या पुढे सरकतात, रखवालदार उभे राहतात. 'आरेत कोकँ नू लाप्लाझ' नावाने तिथे लोकांची चळवळच आहे. अर्थ सरळ आहे, आमचा किनारा चोरायचं थांबवा. मावशींनी चटई बरोबर एका हॉटेलच्या दोरीला टेकवून अंथरली. रखवालदार बघत होता, ओळखीचाच असावा, कारण मावशींनी त्यालाच बिर्याणीची ताटली नेऊन दिली. दोरीच्या पलीकडे आमच्याच सहलीतली माणसं खुर्च्यांवर पहुडलेली दिसत होती. मला उगाच ओशाळल्यासारखं झालं.

या शनिवारी बैठकीत मी हे सगळं सांगितलं. पुड्यावरच्या वजनाचं काय करायचं हे काही ठरलं नाही. एकीने सुचवलं, दर महिन्याला पाच वस्तूंची वजनं आणि किंमती वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवू. ते मात्र लगेच सुरू झालं, पहिलं पान भरलंसुद्धा. ज्यांचे हप्ते थकले होते, त्या चौघींपैकी एक गप्पच होती. उठताना तिने विचारलं, "ताई, आपण खळ्यावर निवडलेला कांदा तिकडे पोचेस्तोवर किलोला किती पडतो?"

मावशींना विचारून सांगते, म्हटलं. फोन लावलाय, अजून उचललेला नाही. रविवार आहे, समुद्रावर गेल्या असतील.