कारखान्याला भाडेपट्टा, कामगाराला बाजार

माझा एक जुना विद्यार्थी अक्कलकोट रोड एमआयडीसीतील एका टॉवेल कारखान्यात हिशेबनीस आहे. वडील यंत्रमागावर होते, आई विड्या वळीत असे. त्या दोघांच्या कमाईवर तो बी. कॉम. झाला. आज नीलमनगरात दोन भाड्याच्या खोल्यांत तो, त्याची पत्नी, दोन मुले आणि थकलेली आई राहतात. एके दिवशी येऊन म्हणाला, “सर, तुम्ही आम्हांला जन्मभर बाजार शिकवलात. आता तीन रविवार माझ्याबरोबर बाजारात चला. घर बघायचे आहे.”

त्याला रो हाऊस हवे होते. यात मध्यमवर्गीय हौस शोधण्याचे कारण नाही. आईला जिने चढवत नाहीत. तिला सूप मांडीवर घेऊन बसायला उंबऱ्यापुढे चार हात जागा लागते. घराखालची जमीन आपल्या नावावर असावी, मुलगा मोठा झाल्यावर वर एक खोली चढवता यावी, एवढीच अपेक्षा. शेजाऱ्याशी एक भिंत सामाईक आणि दार मात्र स्वतःचे, ही घरबांधणी श्रमिकाच्या संसाराला सोयीची आहे.

त्या तीन रविवारी जे पाहिले, ते पाठ्यपुस्तकातल्या ‘पूर्ण स्पर्धे’च्या प्रकरणात बसणारे नाही. पहिल्या ठिकाणी एका रिकाम्या घरात एकाच वेळी चार कुटुंबे फिरत होती आणि एजंट प्रत्येकाला बाजूला घेऊन सांगत होता, “दुसरी पार्टी संध्याकाळी इसार घेऊन येते आहे.” दुसऱ्या ठिकाणी भाव परवडण्यासारखा होता, परंतु प्लॉट गुंठेवारीतला, एन. ए. नाही, खरेदीखत नाही, केवळ नोटरीचा कागद. तिसऱ्या ठिकाणी आधीच्या रविवारी सांगितलेली किंमत या रविवारी वाढली होती आणि त्यातील काही रक्कम रोखीने, बिनपावतीची मागितली होती. बँकेचा दरवाजाही अर्धाच उघडा. त्याच्या पगाराचा काही भाग खात्यात जमा होतो, उरलेला हातात मिळतो. बँक अर्थातच खात्यातला तेवढाच पगार मानते. यंत्रमागावर नगाने मजुरी घेणाऱ्याला तर हजेरीपट आणि पगारपत्रक यांच्या अभावी त्या दारापर्यंतही जाता येत नाही.

आता थोडे गणित मांडू. समजा, २० लाखांचे कर्ज ९ टक्के व्याजाने २० वर्षांसाठी घेतले. मासिक हप्ता जवळपास १८,००० रुपये पडतो आणि मुदतीअखेर घेणाऱ्याने भरलेली रक्कम ४३ लाखांवर जाते. म्हणजे तो एका घरात राहतो आणि दोन घरांचे पैसे मोजतो. ज्याची महिन्याची सारी मजुरी या हप्त्याच्या आसपास घुटमळते, तो या लिलावात बोली लावूच शकत नाही. आणि जे लावतात त्यांच्यातही चढाओढ कशाची असते? अधिक कष्टाची नव्हे, अधिक कर्जाची. सरकारने व्याजात सवलत दिली की प्रत्येकाची कर्ज काढण्याची ताकद थोडी वाढते; घरे तेवढीच राहिली तर बोलीही तितकीच वर सरकते आणि सवलतीचा मोठा हिस्सा विकणाऱ्याच्या खिशात जातो.

बिल्डर म्हणतो, सिमेंट-लोखंड महागले. ते खोटे नाही. परंतु सिमेंटचे पोते जुळे सोलापुरात आणि कुंभारीत जवळपास एकाच भावाचे असते, गवंड्याची मजुरीही फारशी वेगळी नसते. तरीही तशाच बांधणीच्या दोन घरांच्या किमतीत मोठी तफावत पडते, ती जमिनीची. रिकार्डोने १८१७ साली दाखवून दिले होते की खंड वाढल्यामुळे धान्य महागत नाही. धान्य महागते म्हणून खंड वाढतो. शहरी जमिनीचे तसेच आहे. रस्ता सार्वजनिक पैशाने होतो, उजनीचे पाणी सार्वजनिक पैशाने येते, कारखाने मजुरांच्या श्रमावर चालतात, आणि या सर्वांमुळे वाढलेले जमिनीचे मोल मात्र त्या जमिनीवर काही न करता बसून राहिलेल्याला मिळते. कामगार आपल्याच श्रमाने जमीन महाग करतो आणि नंतर त्या महागाईमुळे स्वतः बाहेर फेकला जातो.

येथे एक प्रश्न विचारला पाहिजे. ज्या एमआयडीसीत माझा विद्यार्थी नोकरी करतो, तेथील कारखानदाराने जमीन कोणत्या बाजारातून घेतली? महाराष्ट्र औद्योगिक विकास अधिनियम १९६१ सालचा. महामंडळ १९६२ साली स्थापन झाले. औद्योगिक वसाहतींसाठी शेतकऱ्यांच्या जमिनी सक्तीने संपादन करण्याचा अधिकार या कायद्याने शासनाला दिला, महामंडळाने तेथे रस्ते, पाणी, वीज पुरवली आणि भूखंड सामान्यतः ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने उद्योगांना दिले. या धोरणाला माझा विरोध नाही. जमिनीच्या सट्ट्यात उद्योगाचे भांडवल अडकू नये हा त्यामागचा विचार योग्यच होता. परंतु मग हाच विचार कामगाराच्या घराला का लागू होत नाही? यंत्रमागाला जमीन हवी म्हणून शासन बाजार बाजूला ठेवते. यंत्रमाग चालवणाऱ्याला जमीन हवी म्हटले की तेच शासन त्याला बाजाराचे महत्त्व समजावून सांगते.

या विसंगतीची किंमत केवळ रुपयांत मोजून भागणार नाही. १८ मे २०२५ च्या पहाटे याच वसाहतीतील एका टॉवेल कारखान्याला आग लागली आणि आठ माणसे मृत्युमुखी पडली. मालकाच्या घरातली आणि कामगाराच्या घरातली माणसे त्यांत होती; एक तान्हे मूलही होते. कारखाना आणि राहणे एकाच आवारात होते. आगीचे कारण, दोष कोणाचा, हा या लेखाचा विषय नाही. परंतु जेथे सूत, कापड आणि यंत्रे आहेत तेथेच माणसे रात्री निजतात, ही वस्तुस्थिती केवळ अग्निशामक यंत्रणेच्या तपासणीने बदलणार नाही. कामाच्या जागेपासून चालत जाता येईल एवढ्या अंतरावर परवडणारे घर नसेल, तर माणूस कामाच्या जागीच पथारी पसरणार.

मग उपाय काय? कायद्याचा एक प्रयोग आपण केला. १९७६ च्या नागरी जमीन कमाल धारणा कायद्याच्या कक्षेत सोलापूरही होते. परंतु कलम २० खालच्या सवलतींनी त्याला इतकी भोके पाडली की अतिरिक्त जमीन गरिबांपर्यंत क्वचितच पोचली. केंद्राने तो १९९९ साली रद्द केला, महाराष्ट्राने २००७ साली. तो गेल्यावर पुरवठा वाढेल आणि भाव उतरतील, असे आपल्याला सांगण्यात आले होते. माझ्या विद्यार्थ्याचे तीन रविवार हे त्या भाकिताचे उत्तर आहे.

दुसरा प्रयोग कामगारांनी स्वतः केला, आणि तोही अक्कलकोट रोडवरच. कुंभारी येथे गोदूताई परुळेकर यांच्या नावाने विडी कामगार स्त्रियांच्या सहकारी संस्थेने दहा हजार घरांची वसाहत उभी केली. २००६ साली पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते तिचे लोकार्पण झाले. त्यापाठोपाठ असंघटित कामगारांसाठी ३०,००० घरांचे रे नगर आले. त्याचा पायाभरणी समारंभ जानेवारी २०१९ मध्ये झाला आणि पहिली १५,००० घरे जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते सुपूर्द झाली. या दोन्हींमागे माजी आमदार नरसय्या आडम आणि त्यांच्या संघटनेचा दीर्घकाळचा पाठपुरावा आहे. त्यांच्या पक्षाशी आपले मतभेद जुने आहेत. ते बाजूला ठेवून हे श्रेय मोकळेपणाने दिले पाहिजे. एकेकटी विडी कामगार बाई बाजारात शून्य असते. दहा हजार बायका एक संस्था होऊन उभ्या राहिल्या की सरकारलाही त्यांच्याशी बोलावे लागते, हे कुंभारीने सिद्ध केले.

मात्र दोन उणिवा नजरेआड करू नयेत. स्वस्त जमीन हवी म्हणून वसाहत शहराबाहेर जाते आणि घरात वाचलेला पैसा जाण्या-येण्यात खर्च होतो. शिवाय मिळालेले घर पुढे बाजारभावाने विकता आले, तर एका पिढीला सुटलेला प्रश्न दुसऱ्या पिढीपुढे तसाच उभा राहतो. व्हिएन्नाच्या समाजवादी नगरपालिकेने १९२३ साली घरांवर चढता कर बसवून १९३४ पर्यंत साठ हजारांवर घरे बांधली आणि ती नगराच्याच मालकीची ठेवली. शंभर वर्षांनंतरही त्या नगरपालिकेकडे सुमारे दोन लाख वीस हजार घरे आहेत आणि तेथील भाड्यावर बाजाराची सत्ता चालत नाही. व्हिएन्नाची श्रीमंती सोलापूरपाशी नाही हे खरे. परंतु पहिले महायुद्ध हरलेल्या त्या उपाशी शहरापाशीही ती तेव्हा नव्हती.

म्हणून मागणी नेमकी असावी. औद्योगिक वसाहतीत आणि तिच्या लगत कामगारांच्या सहकारी संस्थांसाठी जमीन राखून ठेवावी आणि ती कारखान्याला मिळते तशीच ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने द्यावी. घर कामगाराचे, जमीन सार्वजनिक. सोडून जायचे झाल्यास घर संस्थेलाच परत, घातलेल्या रकमेच्या रास्त वाढीसह. तळमजला आणि वर एक मजला अशी ओळीने घरे बांधावीत, म्हणजे उंबऱ्यावर विडी वळता येईल आणि शिवणयंत्रही मांडता येईल. आणि यंत्रमाग कामगाराची हजेरी कागदावर आणण्याची जुनी लढाई हीच घराच्या लढाईची पहिली पायरी समजावी.

कार्यकर्त्यांनी ठराव करण्याआधी एक काम करावे. दिवसा नव्हे, रात्री दहानंतर वसाहतीत फिरावे आणि कोणत्या कारखान्याच्या आवारात किती माणसे, किती मुले झोपतात, याची नोंद करावी. ही यादी हातात असली म्हणजे आपल्या मागणीला कोणीही पुस्तकी म्हणू शकणार नाही.

माझ्या विद्यार्थ्याने अद्याप कोठेही इसार दिलेला नाही. तो अजून दर रविवारी घरे पाहतो. मी मात्र त्याला आता दुसरा सल्ला दिला आहे: कारखान्यातल्या आणखी पन्नास जणांना घेऊन ये, मग संस्थेच्या नोंदणीचा अर्ज लिहायला बसू.