फोन बापूजोडे शे

नरडाणा म्हटलं की लोकांना मुंबई-आग्रा महामार्ग आठवतो, एमआयडीसी आठवते, नाहीतर सुरत-भुसावळ मार्गावरचं स्टेशन. आम्हाला यंदा आठवला तो त्या भागातला २०२० सालचा मराठीचा तास. सरकारी उपक्रमाचं नाव होतं 'शाळा बंद, पण शिक्षण आहे'. पोरं अहिराणीत सांगायची, 'फोन बापूजोडे शे, बापू वावरमा' (फोन बापूंकडे आहे, बापू शेतात). मग तास रात्री आठला, बापू जेवायला बसले की.

या अंकासाठी भाषाशिक्षकांशी बोललो. रेंजचं आणि डेटाचं रडगाणं ऐकावं लागणार हे धरूनच चाललो होतो, ते ऐकलंही. पण एका बाईंनी निराळंच सांगितलं. धडा आपल्या शब्दांत सांगून ध्वनिसंदेश पाठवा, असं त्यांनी मुलांना सुचवलं. वर्गात वर्षभर तोंड न उघडलेली एक मुलगी व्हॉट्सअ‍ॅपवर सलग तीन मिनिटं बोलली. मागे शेळी ओरडतेय, आजी मधूनच दुरुस्ती सुचवतेय. 'डोळा'चा 'डोया' झालेला. बाईंनी गुण कापले नाहीत.

परीक्षांचं गाडं मात्र दुसरीकडेच गेलं. ऑक्टोबर २०२० मध्ये विद्यापीठांच्या अंतिम वर्षाच्या परीक्षा बहुपर्यायी प्रश्नांवर उरकल्या. कवितेचा अर्थही चार पर्यायांतून निवडायचा! अक्षरओळख नसलेल्या बहिणाबाईंचं नाव मिरवणारं आपलं विद्यापीठही त्यात आलंच. २०२१ मध्ये दहावीची परीक्षाच झाली नाही, शाळांनी दिलेल्या गुणांवर निकाल लागला ९९.९५ टक्के. त्याआधी २०१९ साली भाषांचे तोंडी गुण काढले होते, तेव्हा तो ७७.१० वर घसरला होता. ओरड झाली आणि पुढच्याच वर्षी ते २० गुण परत आले. तोंडी परीक्षा आपल्याकडे मुलाचं बोलणं ऐकायला नसते, टक्का सावरायला असते. शिक्षकही हे हसून कबूल करतात.

शाळा उघडल्या. गूगल फॉर्म टिकला, कारण तो आपला आपण तपासून मोकळा होतो. ध्वनिसंदेश गेले, चाळीस मुलांचे ऐकायचे तर दोन तास मोडतात. आमच्या मते ठेवायचं ते टाकलं आणि टाकायचं ते ठेवलं. ते दोन तास शिक्षकाला वेळापत्रकातच मिळायला हवेत. जनगणना आणि निवडणुकीच्या कामांसाठी मिळतात, तसे.

अंकातले अहिराणी मजकूर जसेच्या तसे छापले आहेत. मुद्रितशोधकांनी 'डोया'चा तीनदा 'डोळा' केला. आम्ही तीनदा परत फिरवला.